यंत्र-साहाय्यकास प्रश्न कसा विचारावा?

रोवणी आटोपून तीन आठवडे लोटले की धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात पहिली शंका उभी राहते. हिरवीगार दिसावयास हवी ती बांधी मधूनमधून पिवळी दिसू लागते. गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावी शेतकऱ्यास विचारावयाची ठिकाणे पुष्कळ आहेत. शेजारच्या बांधीचा धनी आहे, शहरातील औषध-विक्रेता आहे, कृषी खात्याचा कार्यकर्ता आहे. अलीकडे यांत आणखी एकाची भर पडली आहे. तो म्हणजे हातातील मोबाइलवर मराठीतून उत्तर देणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक, म्हणजेच एआय साहाय्यक.

अशी साधने आता शासनानेही उपलब्ध केली आहेत. पंतप्रधान किसान सन्मान निधीविषयीच्या शंकांना उत्तरे देणारा ‘किसान ई-मित्र’ केंद्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केला. महाराष्ट्राच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये ‘महाविस्तार’ हे अॅप शेतकऱ्यांच्या हाती दिले. यांखेरीज सर्वसाधारण उपयोगाचे अनेक खाजगी साहाय्यक आहेतच. साधन हाती आले, परंतु त्याचा उपयोग किती व्हावा हे बव्हंशी विचारणाऱ्यावर अवलंबून असते. एकाच साहाय्यकास दोन शेतकऱ्यांनी एकाच दुखण्याविषयी विचारले, तर एकास उपयुक्त सल्ला मिळतो आणि दुसऱ्याचा फवारणीचा खर्च वाया जातो. फरक बहुधा प्रश्नात असतो. प्रश्न नीट मांडण्याची रीत या लेखात सांगितली आहे.

साहाय्यक काय जाणतो व काय जाणत नाही

हा साहाय्यक म्हणजे मोठ्या प्रमाणावर छापील व लिखित मजकुरावरून तयार केलेले संगणकीय साधन होय. कोणत्या शब्दांपुढे कोणते शब्द येणे संभवनीय आहे याचा अंदाज करून तो उत्तर रचतो. त्यामुळे त्याची भाषा सफाईदार असते आणि सामान्य माहिती त्यास भरपूर असते. परंतु त्याने विचारणाऱ्याचे शेत पाहिलेले नसते. बांधीत पाणी किती आहे, मागच्या पंधरवड्यात युरिया किती टाकला, शेजारच्या शिवारात काय दिसते, यांपैकी काहीच त्यास ठाऊक नसते. जे सांगितले नाही ते तो अंदाजाने भरून काढतो, आणि अंदाज चुकला तरी उत्तराचा सूर ठामच राहतो. ही गोष्ट प्रत्येकाने पक्की ध्यानात ठेवावी.

माती-परीक्षणाचा अनुभव येथे उपयोगी पडेल. नमुना बांधावरून, झाडाखालून किंवा खताच्या ढिगाजवळून घेतला, तर प्रयोगशाळेने कितीही काळजी घेतली तरी अहवाल त्या शेताचा होत नाही. नमुना शेताच्या निरनिराळ्या ठिकाणांहून घेऊन, नीट मिसळून, पिशवीत चिठ्ठी घालून पाठवावा लागतो. साहाय्यकास विचारलेला प्रश्न हाही एक नमुनाच आहे. प्रश्नात शेत उतरले असेल, तरच उत्तरात शेत उतरेल. अशा प्रश्नास किंवा सूचनेस जाणकार लोक ‘प्रॉम्प्ट’ असे म्हणतात.

चांगल्या प्रश्नाची पाच अंगे

प्रश्न लिहिताना किंवा बोलून सांगताना पुढील पाच गोष्टी क्रमाने याव्यात.

१. ठिकाण व जमीन. गाव, तालुका, जिल्हा. जमीन हलकी की भारी. बांधी उंचावरील की खोलगट. पाणी पावसाचे, तलावाचे की विहिरीचे.

२. पीक व त्याची अवस्था. धानाचा वाण, पऱ्हे टाकल्याची व रोवणीची तारीख, पीक फुटव्यावर आहे, गर्भात आहे की लोंबीवर आहे.

३. लक्षणे. काय दिसते, रोपाच्या कोणत्या भागावर दिसते, केव्हापासून दिसते, आणि सर्व बांधीत आहे की ठिकठिकाणी आहे.

४. आजवर केलेले उपाय. कोणते खत, किती व केव्हा. कोणती फवारणी, किती व केव्हा.

५. काय हवे ते. निदान हवे, औषध हवे की केवळ हिशेब हवा. उत्तर किती लांबीचे, कोणत्या मापात व कोणाला समजेल अशा भाषेत हवे.

पाचव्या अंगाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. “धानाविषयी माहिती सांगा” असे विचारले की पेरणीपासून कापणीपर्यंतचे पुराण मिळते. ते वाचून संपेपर्यंत विचारणारा मूळ प्रश्नच विसरतो.

एक उदाहरण : पिवळी पडलेली बांधी

फुलचूरच्या शिवारातील एका शेतकऱ्याने पुढीलप्रमाणे विचारले असे समजू :

“धान पिवळा पडला. औषध सांगा.”

या प्रश्नास साहाय्यक उत्तर देईल यात शंका नाही. पण धान पिवळा पडण्याची कारणे अनेक आहेत. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने प्रथम व सारखी पिवळी होतात. जस्त कमी पडले तर रोवणीनंतर दोन ते चार आठवड्यांत कोवळ्या पानांची मधली शीर बुडाशी फिकी पडते, खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके येतात आणि रोपे ठिकठिकाणी खुजी राहतात. लोह कमी पडले तर नवी पानेच पांढुरकी-पिवळी निघतात. हे विशेषतः पाणी न साचणाऱ्या रोपवाटिकेत दिसते. कडा करपा असला तर पानाच्या शेंड्याकडून दोन्ही कडा नागमोडी पिवळ्या होत वाळत जातात. तपकिरी तुडतुडे असले तर पीक गोलाकार पट्ट्यांत पिवळे पडून करपल्यासारखे दिसते व किडी चुडाच्या बुडाशी सापडतात.

या पाच कारणांचे उपाय एकमेकांहून भिन्न आहेत, काही तर परस्परविरोधी आहेत. नत्राच्या कमतरतेवर युरिया हा उपाय होय. पण कडा करपा किंवा तुडतुडे असताना युरिया दिला तर दुखणे वाढते. तेव्हा अपुऱ्या प्रश्नावरून मिळालेले उत्तर अन्य एखाद्या शेतात बरोबर असेलही, परंतु या शेतात त्याच उत्तराने हानी होईल.

आता तोच प्रश्न पुन्हा मांडून पाहू :

“गोंदिया जिल्ह्यातील फुलचूर गावी एक एकर धान आहे. जमीन भारी, बांधी खोलगट असून पाणी सतत साचून आहे. रोवणीस २२ दिवस झाले. रोवणीच्या वेळी एक पोते डीएपी दिले, नंतर काहीच दिले नाही. आठ दिवसांपासून काही ठिकाणी रोपे खुजी राहिली आहेत. कोवळ्या पानांची मधली शीर बुडाशी फिकी दिसते व खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आहेत. चुडाच्या बुडाशी किडी दिसल्या नाहीत. संभाव्य कारणे शक्यतेच्या क्रमाने सांगा. प्रत्येक कारण खरे की खोटे हे शेतात कसे पडताळावे ते लिहा. औषध आताच सांगू नका.”

हा प्रश्न लिहिण्यास पाच मिनिटे अधिक लागतील. परंतु यावरून जस्ताच्या कमतरतेकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. निदान शेतात पडताळल्यावर उपाय विचारता येतो. जस्ताची कमतरता ठरल्यास अर्धा टक्का झिंक सल्फेट व पाव टक्का विरलेला चुना यांच्या द्रावणाची फवारणी हा जुना व माहितीचा उपाय आहे. या उपायास कीटकनाशकाची गरज नाही.

“औषध आताच सांगू नका” हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. निदान व उपचार एका दमात मागितले की साहाय्यक पहिल्याच अंदाजावर औषधाची इमारत उभारतो. दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्या म्हणजे मध्ये शेतकऱ्यास बांधीत जाऊन पाहण्यास अवसर मिळतो.

नाव सांगण्याआधी लक्षण सांगावे

दुसरी चूक अशी की शेतकरी लक्षण न सांगता रोगाचे नाव सांगतो. “करपा आला” असे एकाने म्हटले, तर त्याच्या मनात बुरशीमुळे होणारा करपा असेल किंवा जिवाणूंमुळे होणारा कडा करपाही असेल. पहिल्यात पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखी रंगाचे ठिपके पडतात. दुसऱ्यात कडा वाळतात. बुरशीनाशक पहिल्यावर चालेल, दुसऱ्यावर त्याचा उपयोग नाही. “तुडतुडे” म्हटले तरी हिरवे, तपकिरी असे निरनिराळे प्रकार आहेत.

पूर्व विदर्भात ठाण मांडून बसलेली गादमाशी व खोडकिडा यांच्याविषयीही असाच घोटाळा होतो. खोडकिड्यामुळे फुटव्याचा मधला पोंगा वाळतो व ओढला असता सहज हाती येतो. गादमाशीमुळे मात्र पोंग्याऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी निघते. अशा नळीस लोंबी येत नाही, आणि नळी दिसू लागल्यावर केलेली फवारणी तो फुटवा परत आणीत नाही. म्हणून “मधला पोंगा वाळलेला आहे की चंदेरी नळी आहे, दहा चुडांत एकूण फुटवे किती व त्यांपैकी बाधित किती” हे मोजून प्रश्नात लिहावे. मोजलेला आकडा दिला की फवारणी करणे परवडते की नाही याचा विचार साहाय्यकही करू शकतो.

बारकाईने पाहणे हे शेतकऱ्याचे खरे बळ आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या धानाच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या जपल्या, आणि त्यांतूनच पुढे ‘एचएमटी’ हा प्रसिद्ध वाण लोकांच्या हाती आला. त्या लोंब्या शेतात उभे राहून पाहणाऱ्यालाच दिसल्या. असे पाहणे यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. पाहिलेले सांगितले तर त्याचा अर्थ लावण्यास यंत्र साहाय्य करील.

स्थानिक शब्दांविषयीही सावधगिरी हवी. बांधी, पऱ्हे, रोवणी, बोडी हे शब्द धानपट्ट्यात घरोघरी आहेत, पण साहाय्यकास त्यांचा अर्थ चुकीचा लागू शकतो. प्रथम वापरताना “पऱ्हे म्हणजे धानाची रोपे” असे एकदा सांगून ठेवावे. छायाचित्र पाठवावयाचे असेल तर ते उजेडात घ्यावे. एक सर्व बांधीचे, एक उपटलेल्या चुडाचे मुळांसह आणि एक पानाचे जवळून, अशी तीन छायाचित्रे पुरेशी होतात.

मापे व हिशेब

अनेक चुका मापांत होतात. शिफारस हेक्टरी असते, शेत एकरात मोजले जाते आणि औषध पंपात पडते. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. हेक्टरची मात्रा एकरास दिली, तर अडीचपट औषध पडते. म्हणून “उत्तर एकरी मापात, व १५ लिटरच्या हातपंपास किती हे वेगळे लिहून द्या” अशी सूचना प्रश्नातच करावी. समजा, एखाद्या औषधाच्या वेष्टनावर हेक्टरी ५०० मिलिलिटर औषध ५०० लिटर पाण्यात असे लिहिले आहे. मग एकरी २०० मिलिलिटर औषध, २०० लिटर पाणी, म्हणजे तेरा-चौदा पंप, आणि दर पंपास १५ मिलिलिटर औषध होते. पॉवर पंपास पाणी कमी लागते. तेव्हा दर टाकीचे प्रमाण बदलते, एकरी मात्रा मात्र तीच राहते. पंप कोणता हे प्रश्नात सांगितले नाही, तर उत्तर चुकण्याचा संभव आहे.

खतांच्या बाबतीत “हिशेब पायरीपायरीने दाखवा” असे सांगावे. समजा, माती-परीक्षणावरून एकरी ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद व २० किलो पालाश देण्याचे ठरले. डीएपीत ४६ टक्के स्फुरद असते. म्हणून २० किलो स्फुरदासाठी सुमारे ४३॥ किलो डीएपी लागेल. पण डीएपीत १८ टक्के नत्रही असते. त्यातून जवळजवळ ८ किलो नत्र मिळून जाते. उरलेल्या ३२ किलो नत्रासाठी ४६ टक्क्यांचा युरिया सुमारे ७० किलो पुरतो, व तो हप्त्याहप्त्याने द्यावयाचा असतो. डीएपीतील नत्र धरले नाही, तर युरिया ८७ किलो येतो. हे जास्तीचे १७ किलो पैशाने तर जातातच, शिवाय पीक लुसलुशीत होऊन कीड-रोगास आमंत्रण मिळते. साहाय्यकाने पायऱ्या मांडल्या की अशी चूक ग्रामकार्यकर्त्यास चटकन ओळखता येते. केवळ शेवटचा आकडा मिळाला तर ती लपून राहते.

साहाय्यकास प्रश्न विचारू द्यावेत

प्रत्येक वेळी पाचही अंगे सुचतीलच असे नाही. अशा वेळी प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य जोडावे : “उत्तर देण्यापूर्वी आणखी कोणती माहिती हवी ते मला विचारा.” मग साहाय्यक स्वतःच वाण, तारखा, पाणी, खत यांविषयी विचारतो व गाळलेली बाब ध्यानात येते. पहिले उत्तर पटले नाही तर सर्व टाकून न देता “पाणी काढून टाकणे या बांधीत शक्य नाही, दुसरा मार्ग सांगा” अशी अडचण नेमकी कळवावी. “या उत्तरात कोणती गोष्ट अंदाजाने सांगितली आहे?” असे विचारल्यास उत्तरातील कच्चे दुवे पुष्कळदा उघडे पडतात. तरीही यंत्राच्या स्वतःविषयीच्या ग्वाहीवर पूर्णपणे विसंबू नये.

ग्रामकार्यकर्त्याची लेखी कामे

गावपातळीवरील कार्यकर्त्याचा पुष्कळ वेळ सूचनापत्रे, सभांचे वृत्तान्त व प्रात्यक्षिकांच्या नोंदी लिहिण्यात जातो. येथे साहाय्यक चांगला उपयोगी पडतो, कारण माहिती कार्यकर्त्याजवळ असते व केवळ मांडणी हवी असते. “बैठकीची सूचना लिहा” एवढेच न म्हणता पुढीलप्रमाणे सांगावे :

“धानावरील तुडतुड्यांविषयी शेतकऱ्यांच्या बैठकीची सूचना मराठीत लिहा. वाचणारे शेतकरी व शेतमजूर स्त्रिया आहेत. दिवस, वेळ व ठिकाण मी खाली दिले आहे. सूचना ऐंशी शब्दांच्या आत असावी. शेतकऱ्यांनी बाधित चूड मुळासह आणावा, हे ठळकपणे यावे. मी दिलेली नाही अशी कोणतीही माहिती घालू नका.”

शेवटची अट वृत्तान्तात तर अवश्य घालावी. अन्यथा साहाय्यक हजेरीचे आकडे किंवा न झालेले भाषणही स्वतःच्या कल्पनेने लिहून टाकतो. शासकीय नोंदीत असा एक आकडा शिरला तर त्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते.

या कामी कोणाही शेतकऱ्याचा आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइलवर आलेला ओटीपी किंवा घरगुती कर्जाची हकिकत साहाय्यकास देऊ नये. “एक शेतकरी, एक एकर” एवढे वर्णन सल्ल्यास पुरते.

कोठे थांबावे

कीटकनाशकाचे नाव, मात्रा व मिश्रण यांबाबत साहाय्यकाचे उत्तर हे अंतिम मानू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले, ही गोष्ट विदर्भाने विसरू नये. औषध धानासाठी व त्याच किडीसाठी मान्य आहे काय, मात्रा किती, कापणीपूर्वी किती दिवस थांबावे, हे वेष्टनावर व सोबतच्या पत्रकात वाचावे. साहाय्यकाने दोन औषधे एकत्र करण्यास सांगितले, तर कृषी अधिकाऱ्यास विचारल्याविना ती एकत्र करू नयेत. तपकिरी तुडतुड्यांवर पायरेथ्रॉइड गटातील औषध मारले असता किडीचे शत्रू मरून तुडतुडे पुन्हा जोराने वाढतात, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलेले आहे. पण “किडीचे जालीम औषध सांगा” अशा ढोबळ प्रश्नास नेमके तेच नाव उत्तरात येऊ शकते.

अंगावर औषध सांडले, मळमळ किंवा घेरी आली, तर मोबाइलवर प्रश्न विचारीत बसू नये. कपडे काढून अंग साबणाने धुवावे व औषधाचे वेष्टन घेऊन रुग्णास तात्काळ दवाखान्यात न्यावे.

आजचा बाजारभाव, पावसाचा अंदाज, योजनेची अंतिम तारीख या बदलत्या गोष्टी संबंधित कार्यालयाकडूनच पडताळाव्या. पीकविषयक शंकेसाठी २००४ पासून चालू असलेले किसान कॉल सेंटर आहे. १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत मराठीतून विचारता येते. जिल्ह्यात हिवरा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. साहाय्यकाचे उत्तर व बाधित चूड असे दोन्ही घेऊन तेथील तज्ज्ञांकडे गेल्यास बोलणे लवकर मुद्द्यावर येते.

नोंदवहीची सवय

या सर्वांचा पाया एका साध्या वहीत आहे. बियाणे, पऱ्हे, रोवणी, खत, फवारणी व पाणी यांच्या तारखा ज्याने लिहून ठेवल्या आहेत, त्यास चांगला प्रश्न विचारणे कठीण जात नाही. त्याच वहीत विचारलेला प्रश्न, मिळालेले उत्तर व शेतात आलेला अनुभव लिहावा. ग्रामकार्यकर्त्याने हंगामाच्या अखेरीस अशा वह्या चार शेतकऱ्यांसह एकत्र बसून वाचाव्या. कोणत्या प्रश्नास उपयोगी उत्तर मिळाले व कोणते उत्तर फसले, हे त्यातून गावाला कळेल, आणि पुढच्या रोवणीच्या वेळी ते शेजाऱ्याच्याही उपयोगी पडेल.